ताई, दार लागलंच नव्हतं

ताई, ते दार कधी लागलंच नव्हतं. तुझा अंगठा कशात सापडला नव्हता, चेपला नव्हता, ठेचला नव्हता. तू तो घेऊनच जन्माला आली होतीस. तो बाबांचा होता, आणि बाबांना त्यांच्या आईकडून मिळाला होता. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आईबाबांना माहीत होतं. तुला पाहायला आलेल्यांना मी खोटं सांगितलं आणि ते खोटं तू सासरी नेऊन आयुष्यभर सांभाळलंस. तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. हे लिहायला बसलोय, कारण या विषयावर तुझ्याशी बोलताना दर वेळी फोन मीच आधी ठेवत आलो.

सगळं सलग सांगतो. तुला ठाऊक असलेलंही सांगतो, कारण आपण दोघांनी ते एकदाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलून पाहिलं नाही.

आधी दर्यापूरचे पाहुणे आले होते, आठवतं? तुला कुंकू लावता लावता त्यांच्यातल्या एका बाईनं तुझा उजवा हात धरला आणि बाजारात वांगं उलटून पाहावं तसा अंगठा उलटून पाहिला. बुटका, टोकाला पसरट, नख रुंद. "हे खानदानी हाय काय जी?" तिनं विचारलं. आई साधी. ती म्हणाली, "हो, यायचे बी तसेच आहेत," आणि बाबांकडे बोट दाखवलं. पाहुणे पोहे खाऊन, चहा पिऊन, हसून गेले. मग मध्यस्थाकडून निरोप आला. पोरगी चांगली आहे, पण अंगठा बुटका असला की घरात बरकत राहत नाही म्हणतात. आई त्या दिवशी जेवली नाही. खरं बोलल्याचा तिला पश्चात्ताप झाला होता, आणि तो मी पाहिला होता.

म्हणून अकोल्याचे आले तेव्हा मी तयार होतो. अमरावतीला कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो, आपल्याला घरात सगळ्यांपेक्षा जास्त कळतं असं वाटण्याचं वय. भाऊजींच्या आईनं तुझा हात हातात घेतला. "अवं माय, पोरी, हे काय झालं?" तिचा आवाज मायेचा होता. दर्यापूरच्या बाईसारखा नव्हताच. कदाचित खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण आई तोंड उघडायच्या आत मी बोलून गेलो, "दारात सापडला. लहानपणी." आणि कोणी विचारलं नसताना पुढचं वाक्यही जोडलं, "माझ्याच हातून दार लागलं."

त्या दुसऱ्या वाक्याचा मला अभिमान वाटला होता, ताई. दोष स्वतःवर घेतला की माणसं पुढे चौकशी करत नाहीत, हे मला त्या क्षणी सुचलं होतं. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. पण मला तुझ्यापेक्षा बाबा जास्त आठवतात. ते खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. त्यांनी सावकाश दोन्ही अंगठे मुठीत घेतले आणि मुठी खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली सरकवल्या.

भाऊजी हसले. "म्हणजे गुन्हेगार घरातच हाय की!" सगळे हसले. सोयरीक जमली.

गावात बाबांचे अंगठे सगळ्यांनी पाहिलेले होते, पण दुसऱ्याच्या मुलीची सोयरीक मोडेल असं बोलायला कोणी आलं नाही. धोका फक्त अकोल्याचा होता. म्हणून बाबांनी जठारपेठेत तुझ्या घरी कधी पान मांडू दिलं नाही. "लेकीच्या घरचं मी जेवत नाही," म्हणायचे. तुझ्या सासूबाईंना त्याचं फार कौतुक. "जुन्या वळणाचा माणूस," त्या सगळ्यांना सांगायच्या. आपल्या घरात तसलं काही वळण कधीच नव्हतं. मोठ्या आत्याच्या घरी आजोबा चार भाकरी खाऊन यायचे. पण जेवताना मूठ झाकता येत नाही, एवढीच बाबांची अडचण होती. चहाची बशी ते दोन्ही हातांनी अशी धरायचे की अंगठे खालून जायचे. तुझ्या हातचं भरीत त्यांना किती आवडायचं, आणि तुझ्या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर बसून ते नुसता चहा पिऊन उठायचे. मी समोर बसून पोटभर जेवायचो. मला कोणी म्हणालं नाही की तू जेवू नको. माझे अंगठे सरळ होते.

आणि भाऊजींनी काय केलं ते तर मी कोणाला सांगूही शकलो नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला तू माहेरी आलीस. आपण दोघं मागच्या अंगणात बसलो होतो.

"सुध्या, तो माणूस सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून घरातल्या सगळ्या दाराले ठोकून राहिला," तू म्हणालीस. "म्हणते, एक अंगठा गेला, दुसरा मी जाऊ देत नाही. पट्ट्या कापता कापता त्याच्या बोटाले ब्लेड लागलं. मले रडू येऊन राहिलं."

मी हसलो. म्हणालो, "मग बरंच आहे की. जपणारा नवरा मिळाला."

"तुले नाई समजत," तू म्हणालीस, आणि उठून आत गेलीस.

मला खरंच समजलं नव्हतं. तो माणूस वाईट असता, तर तू एखाद्या भांडणात खरं ओरडून मोकळी झाली असतीस. पण सायकलच्या दुकानातून दमून आल्यावर चौकटीला रबर ठोकणाऱ्या माणसाला तू कधी आणि कसं सांगणार होतीस? दर वर्षी रबर वाळायचं, तडकायचं, आणि भाऊजी नवं लावायचे. तुझ्या घरातली दारं लागताना आवाज करत नाहीत. तुझ्याकडे राहायला आलो की मला तोच आवाज ऐकू यायचा, जो येत नव्हता तो.

आणि मला तिथे नाव पडलं होतं. दारात पाऊल टाकलं की भाऊजी ओरडायचे, "आला रे दरवाजावाला! पोट्टेहो, आपापले अंगठे सांभाळा!" पोरं हात पाठीमागे घेऊन किंचाळत पळायची. शेजारचेही मला त्याच नावानं ओळखायचे. सगळ्यांचा लाडका गुन्हेगार. तू हसायचीस आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत जायचीस. मला ते नाव आवडायला लागलं होतं, ताई. हे कबूल करायला सगळ्यात जड जातंय.

नीरज झाला तेव्हा बारशात तू त्याचे अंगठे सारखे चोळत होतीस. तो मोठा होत गेला, त्याचे सरळच राहिले. दुसरं मूल काहून नाही, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस ते मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

मग माझ्या घरी रेवा आली. हा अंगठा तान्हेपणी कळत नाही. मूल वाढतं आणि तो मागे राहतो. ती शाळेत जायला लागल्यावर हळूहळू दिसायला लागला, दोन्ही हातांना, थेट बाबांसारखा. मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाहिलं आणि हसले. म्हणाले, टोकाचं हाड थोडं लवकर वाढायचं थांबतं, बस. दुखणं नाही, दोष नाही, औषध नाही. घराण्यात कोणाला असेल, एखादी पिढी सोडूनही येतो. मी हो म्हणालो. परत येताना मला केवढं हलकं वाटायला हवं होतं. पण मी गाडीवर बसून एकच विचार करत होतो, की आता अकोल्याला हिला कसं न्यायचं.

त्या राखीला तुम्ही दोघं अमरावतीला आलात. तू मला ओवाळलंस, आणि रेवानं येऊन तुझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

"आत्या, सेम!" ती ओरडली. तिला केवढा आनंद झाला होता! सगळ्या जगात तिच्यासारखा अंगठा असलेलं माणूस तिला सापडलं होतं.

तू माझ्याकडे पाहिलंस. पलीकडच्या खोलीत भाऊजी पेपर वाचत बसले होते. मी मान हलवली, अगदी थोडीशी, नाही म्हणून. तू तिचा हात खाली ठेवलास. "माझा दारात सापडला होता, बाई," तू म्हणालीस.

तुम्ही बस पकडायला गेल्यावर रेवानं मला विचारलं, "बाबा, माझे दोन्ही कोणत्या दारात सापडले?"

मी म्हणालो, "तुझे वेगळे आहेत."

वेगळे म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही. पण त्यानंतर ती फोटोत अंगठे मुठीत घ्यायला लागली. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं तिच्या आजोबांना पाहिलेलंही नाही. पण मी पाहिलं होतं ना.

रेवाची आई म्हणाली, सांगून टाका एकदा. मी म्हणालो, हो, योग्य वेळ पाहून. आणि आम्ही अकोल्याला येणं कमी केलं. कधी तिची परीक्षा, कधी माझी नांदगाव पेठेच्या गिरणीतली पाळी. आलो तर एकटा आलो, आणि दारातून तोच जयघोष ऐकत आत शिरलो. तू दर वेळी विचारायचीस, "पोट्टी काहून नाई आणली?" उत्तर तुला माहीत असायचं.

तुझा शेवटचा मोठा फोन मी गिरणीत असताना आला. यंत्रांचा आवाज, म्हणून मी बाहेर शेडखाली आलो.

"सुध्या, अथर्वचा अंगठा पाह्यला का तू?"

अथर्व, तुझा नातू, नीरजचा मुलगा. मी म्हणालो, नाही.

"बुटका दिसून राहिला. डाव्या हाताचा. पूजा त्याले डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणे, घरात कोणाले आहे का? तिनं सांगतलं, सासूबाईचा आहे, पण तो दारात सापडलेला. त डॉक्टर म्हणे, मंग यालेही लहानपणी मार लागला असन. तवापासून ते पोरगी झोपत नाई, सुध्या. आठवून आठवून पाह्यते, पाळण्यात सापडला का, गाडीच्या दारात सापडला का. नीरजसमोर रडली काल. म्हणे, आई, तुमच्या घरात इतकी वर्षं एकही दार आपटलं नाई अन् माझ्याच हातून पोराचा अंगठा गेला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकून राहिला ना? मी सांगून देते यायले."

"आता?" मी म्हणालो. "इतक्या वर्षांनी? भाऊजींना काय वाटेल?"

"तुले भाऊजीची पडली का तुह्या तोंडाची पडली?"

मी शेडच्या टोकापर्यंत गेलो. म्हणालो, "दिवाळी होऊ दे. मी येतो. आपण दोघं मिळून सांगू."

"ये मंग. रेवाले घेऊन ये. तिचा हात एकदा नीट हातात घ्यायचा हाय मले."

"येतो," म्हणालो, आणि पाळीचा भोंगा झाला म्हणून फोन ठेवला. भोंगा झाला नव्हता. तेही आज सांगून टाकतो.

दिवाळीत नीरजच्या हाती तुझ्या हातची मुरड घातलेल्या कानोल्यांचा डबा आला, नेहमीसारखा. मी आलो नाही. भाऊबिजेलाही थंडी-तापाचं निमित्त सांगितलं. तू "तब्येत सांभाळ," एवढंच म्हणालीस. मग काही दिवसांनी नीरजचा फोन आला, आणि त्यानं काय सांगितलं ते मला इथं लिहायचं नाही. मूर्तिजापूरपर्यंत मी गाडीत एकच हिशोब करत होतो, की आता हे माझ्या एकट्याच्याच हातात राहिलं. आणि ताई, त्यात एका क्षणापुरती सुटकाही वाटली. आता कोणीच सांगणार नाही, अशी. ती वाटली त्याबद्दल मला स्वतःला कधी माफ करता येईल असं वाटत नाही.

या वेळी रेवा सोबत होती. टाळायला जागाच नव्हती.

दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. भेटायला येणारे ओसरले होते. भाऊजी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. सुतकामुळे घरात तळण नव्हतं, पोरं भुकेजली होती, म्हणून पूजानं दिवाळीचा उरलेला डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. तुझे कानोले. रेवा आणि अथर्व मधल्या खोलीत फतकल मारून खात बसले. मी दाराशी होतो.

"रेवाआत्या," अथर्व म्हणाला. पहिलीतला मुलगा, नऊ वर्षांच्या मुलीला आत्या म्हणतो आणि ती त्याचा मान पुरेपूर घेते. "तुझा पण चेपला?"

"नाही. माझे असेच आहेत."

"असेच कसे? माझा तर मम्मीकडून चेपला."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. पुढच्या खोलीतून भाऊजी उठून आले. त्यांनी रेवाचे हात पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ते मला दरवाजावाला म्हणाले नाहीत. म्हणाले, "सुधाकर, पोट्टीचे बी? दोन्ही?"

माझ्याकडे उत्तर होतं, ताई. तिच्या आईकडून आले, म्हणायचं. चाललं असतं. कोण अमरावतीला माझ्या सासुरवाडीत विचारायला जाणार होतं? ते उत्तर जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात रेवानं अर्धा कानोला खाली ठेवला आणि दोन्ही अंगठे मुठीत घेतले.

मी पोरांजवळ खाली बसलो. डब्यातला एक कानोला उचलला. "याची मुरड पाहा," मी म्हणालो. "दुकानातल्या करंजीची कशी बारीक असते, दोरीसारखी? ही पाहा किती रुंद आहे. कोणी घातली?"

"आजीनं," अथर्व म्हणाला.

"आजीचा अंगठा रुंद होता म्हणून मुरड रुंद. रेवा, मूठ उघड. ठेव बरं तुझा अंगठा इथं."

तिनं ठेवला. दोन वळ्यांच्या मध्ये तो बसला, थोडी जागा उरली.

"अंगठ्यात दोन हाडं असतात," मी सांगितलं. "काही माणसांचं टोकाचं हाड लवकर वाढायचं थांबतं. मग अंगठा बुटका राहतो. दुखत नाही. सगळं काम करतो. कोणाचं नाक कोणावर जातं, तसा हा जातो. रेवाला माझ्या बाबांचा आला, त्यांना त्यांच्या आईचा आला होता. आणि अथर्व, तुला तुझ्या आजीचा आलाय."

"पण आजीचा तर दारात—"

"नाही. ते मी खोटं सांगितलं होतं."

"काहून?"

"आधी तिचं लग्न मोडेल म्हणून. नंतर भीती वाटली म्हणून."

"कोणाची?"

"तुझ्या आबांची."

अथर्वनं वळून भाऊजींकडे नीट पाहिलं. "आबाची?" तो म्हणाला. "आबाले त मांजर बी नाई भेत."

कोणी हसलं नाही. तू असतीस तर हसली असतीस.

भाऊजी खाली बसले. "म्हणजे दार नव्हतंच?"

"नव्हतं."

"तिले सांगाचं नव्हतं का मले?"

"तिला सांगायचं होतं. मीच थांबवत आलो."

त्यांचा हात चौकटीवर होता, तिथल्या रबरावर. "तिनं सांगतलं असतं," ते म्हणाले, "त मी का तिले घराबाहेर काढलं असतं?" हे ते मला विचारत होते की तुला, मला कळलं नाही. मग त्यांनी रेवाला जवळ बोलावलं, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यावरून बोट फिरवत राहिले. "तसाच हाय," म्हणाले. "नख बी तसंच." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. अजूनही नीट पाहत नाहीत. निघताना मला कोणी त्या नावानं हाक मारली नाही, आणि मारावी असं मला वाटलंही नाही.

तू रेवाचा हात हातात घ्यायचं म्हणाली होतीस. तो भाऊजींनी घेतला. एवढंच माझ्याच्यानं होऊ शकलं, तेही तू नसताना.

पण ज्यासाठी तू फोन केला होतास, ते त्या दुपारी अजून राहिलं होतं. पूजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात ओला चमचा तसाच. अथर्व धावत तिच्याकडे गेला आणि अंगठा वर करून दाखवत म्हणाला, "मम्मी, हा आजीचा आहे!" ती त्याच्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. मी जवळ गेलो तशी ती सवयीनं ओढणी डोक्यावर घेऊन पाया पडायला वाकली. मी मामासासरा, मोठा माणूस. मी तिला वाकू दिलं नाही. हात जोडले, भाऊजींच्या समोर, पोरांच्या समोर.

"पूजा," मी म्हणालो, "तुझ्या हातून काही झालं नव्हतं. पाळण्यात नाही, गाडीत नाही, कुठंच नाही. हे मला माहीत होतं. तू रडतेस हेही ताईनं सांगितलं होतं, आणि तरी मी गप्प बसलो. तिची माफी मागायची राहून गेली. तुझी मागतो. मला माफ कर, बेटा."